पाठ फिरवली, पाठ दाखवली की पाठ केली?

रेघोट्या
दिवाळी अंकासाठी एक अनुवाद करतेय, त्यात अडकले आहे. विषय: जपानचे तेव्हाचे सम्राट अकिहितो यांची मे १९९८ मधली ब्रिटनभेट. २६ मे रोजी ते राणी एलिझाबेथबरोबर बग्गीतून 'द मॉल' या रस्त्याने बकिंगहॅम राजवाड्याकडे निघाले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहिलेले शेकडो ब्रिटिश सैनिक पदकं लावून रस्त्याच्या कडेला उभे होते. बग्गी समोर येताच त्यांनी तिच्याकडे पाठ केली आणि शीळ घालत एका जुन्या लष्करी संचलनाची धून वाजवली.

संपादकांनी 'पाठ फिरवली' असं केलंय. मला ते पटत नाही. मतदार मतदानाकडे पाठ फिरवतात, पाऊस पाठ फिरवतो, म्हणजे ते येतच नाहीत. हे म्हातारे तर मुद्दाम आले होते!

दुसरी अडचण मोठी आहे. पन्नासेक वर्षं त्यांच्या मनात जे राहिलं त्याला लेखभर चालेल असा एक शब्द हवाय. सल, डूख, अढी, आकस यांपैकी कुठला?

बखरवाचक
'पाठ फिरवली' नकोच. आणि चुकूनही 'पाठ दाखवली' होऊ देऊ नका. रणात पाठ दाखवणे म्हणजे पळणे. यातले बरेचसे १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं तेव्हा पकडले गेले होते. शरणागतीचा हुकूम वरून आला होता, पण 'शरण गेलेले' म्हणून टोमणे यांनीच खाल्ले. त्यांच्याबद्दल 'पाठ दाखवली' लिहिणं म्हणजे जखमेवर मीठ.

'पाठमोरे उभे राहिले' लिहा.

साधंसरळ
'पाठमोरे' ही स्थिती झाली, कृती नाही. वाचकाला वाटेल ते आधीपासूनच तसे उभे होते. इथे सगळा अर्थ वळण्याच्या क्षणात आहे: बग्गी येईपर्यंत तोंड रस्त्याकडे, बग्गी समोर आली की पाठ.

'सम्राटाच्या बग्गीकडे पाठ करून उभे राहिले' यात सगळं येतं. 'देवाकडे पाठ करून बसू नये' असं घराघरांत सांगतात, त्यामुळे त्यातला अपमान मराठी वाचकाला वेगळा समजवावा लागत नाही. एकच काळजी घ्या: 'कडे' लावलेला शब्द 'पाठ'ला चिकटून ठेवा. 'त्यांनी बग्गीकडे, ती समोर येताच, धून वाजवत पाठ केली' असं लांबवलंत की धून पाठ केल्यासारखं वाटतं.

आणि 'शिट्ट्या वाजवल्या' होऊ देऊ नका, ते तमाशाच्या फडातलं वाटेल. 'शीळ घालून धून वाजवली' हे बरोबर आहे. काही जणांनी हुर्योही उडवली होती, ती वेगळ्या वाक्यात येऊ द्या. शीळ आणि हुर्यो एकत्र आले की शिस्त जाते, आणि त्या निषेधात शिस्त होती.

व्याकरणवेडा
दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. हे शब्द अर्थाने जवळचे असले तरी वाक्यात एकमेकांच्या जागी बसत नाहीत. प्रत्येकाची विभक्ती वेगळी आहे.

सल गोष्टीचा असतो: छळाचा सल, अपमानाचा सल. 'जपान्यांचा सल' म्हटलं तर जपान्यांच्याच मनात काही सलतंय असा अर्थ होईल.
डूख माणसावर धरतात. त्यात पुढे कधीतरी दंश येणार हे गृहीत असतं.
अढी माणसाविषयी किंवा माणसाबद्दल असते, आणि तिला सबळ कारण लागतंच असं नाही.
आकस वरच्याला खालच्याबद्दल जास्त शोभतो: 'साहेबांचा माझ्यावर आकस आहे.' कैद्याला जेलरचा आकस असतो, हे वाक्य जरा कानाला लावून बघा.
रोष जमावाचा असतो आणि ओसरतो. चीड चांगला शब्द आहे, पण ती ताजी असते.

म्हणजे एका शब्दाने काम होणार नाही. या लोकांचा राग एका कृत्याबद्दल होता आणि एका देशाबद्दलही. कृत्याला 'सल', देशाला 'अढी', अशी वाटणी करा.

आंबेवाला
अढी म्हणजे आंब्याचीच आढी हो! पेंढ्याचा थर, त्यावर आंबे, परत पेंढा, वरून गोणपाट. वारा लागू दिला नाही की आतल्या आत पिकत जातं. मनातली अढीही तशीच, झाकून ठेवली की पिकते. व्युत्पत्ती शोधायला लांब जायची गरज नाही.

व्याकरणवेडा
छान दिसते, म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही. आंब्याची 'आढी' दीर्घ 'आ'ने, मनातली 'अढी' ऱ्हस्व 'अ'ने. शिवाय पायाची अढी घालून बसतात, तीत अडकवण्याचा अर्थ आहे. मनातली अढी तिच्या जवळची वाटते.

आंबेवाला
कोकणात दोन्हीकडे दोन्ही उच्चार ऐकू येतात. ऱ्हस्व-दीर्घ पुस्तकात.

रेघोट्या
वाटणी आवडली. पण 'अढी' फार सौम्य नाही का? शेजारणीबद्दलही अढी असते. इथे आकडे बघा: सयाम (आताचं थायलंड) ते ब्रह्मदेश रेल्वेचा ४१५ किलोमीटरचा मार्ग जपान्यांनी जून १९४२ ते ऑक्टोबर १९४३ मध्ये बांधून घेतला, त्यावर ६० हजारांहून जास्त दोस्त राष्ट्रांचे युद्धबंदी राबवले, त्यांतले १२ हजारांवर मेले.

बखरवाचक
आशियाई मजूर विसरू नका. ते युद्धबंद्यांच्या कितीतरी पट होते आणि मेलेही कितीतरी जास्त. मलायातल्या रबर मळ्यांवरचे तमिळ त्यांत मोठ्या संख्येने होते. त्यांच्या वतीने पाठ करून उभं राहायला मॉलवर कुणी नव्हतं.

तुमच्या प्रश्नाबद्दल: अढी सौम्य आहे हे खरं. पण 'डूख' घातलात तर बिचारे म्हातारे सूडाला टपलेले नाग होतील. त्यांची मागणी माफीची आणि भरपाईची होती, सूडाची नव्हती. डूख हा 'दंश'चाच अवतार, त्यातून विष काढता येत नाही.

कागदोपत्री
आधी तो 'युद्धबंदी' काढा. नोटाबंदी, दारूबंदी, नसबंदी, तशीच युद्धबंदी: युद्ध बंद करणं. काश्मीरची १९४९ ची रेषा आपल्या वर्तमानपत्रांत कित्येक वर्षं 'युद्धबंदी रेषा' होती. कैद्याला 'युद्धबंदी' म्हणणं हिंदीतून आलंय, त्यांच्याकडे लढाई थांबली की 'युद्धविराम' होतो म्हणून त्यांचं भागतं. आपल्याकडे १९७१ चे सुमारे ९३ हजार पाकिस्तानी 'युद्धकैदी'च होते.

संस्कृतप्रेमी
'कैदी' अरबी. 'बंदी' शुद्ध संस्कृत. संदर्भाने अर्थ कळतो, वाचकाला इतकं मंद समजू नये.

कागदोपत्री
'युद्धबंदीनंतर युद्धबंदींना सोडले' हे वाक्य संदर्भाने सोडवून दाखवा.

बखरवाचक
बखरीत यासाठी सुंदर शब्द आहे: पाडाव. 'अमुक सरदार पाडाव झाला.' कैदेत पडणं आणि हरणं दोन्ही त्यात येतं.

साधंसरळ
दिवाळी अंकाच्या वाचकाला 'पाडाव' म्हणजे फक्त पराभव वाटेल. युद्धकैदी ठेवा. आणि नागरिकांना वेगळा शब्द ठेवा, कारण छावण्यांत बायकामुलंही होती. त्यांना 'स्थानबद्ध'. हा फरक नुसता भाषेचा नाही, पैशाचाही होता: जपानबरोबरच्या १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहाच्या १६व्या कलमाखाली ब्रिटिश सैनिकांना जेमतेम ७६ पौंड मिळाले, स्थानबद्ध नागरिकांना त्याहून कमी, सुमारे ४८. त्याच तहाच्या १४व्या कलमात दोस्त राष्ट्रांनी बाकीचे दावे सोडून दिले. म्हणून पुढे जपानकडे मागायला गेलं की 'तो विषय तहाने मिटला' हे उत्तर मिळायचं. मॉलवरच्या लोकांची अर्धी चीड आपल्याच सरकारवर होती, हे अनुवादात निसटू देऊ नका.

कागदोपत्री
पुढचा भागही घ्या. नोव्हेंबर २००० मध्ये ब्रिटिश सरकारने हयात असलेल्या कैद्यांना प्रत्येकी १० हजार पौंड द्यायचं जाहीर केलं, स्वतःच्या तिजोरीतून. लेखात ते आलं तर कृपा करून 'नुकसानभरपाई' लिहू नका. भरपाई हक्काने मिळते आणि देणारा चूक मान्य करतो. ते होतं 'सानुग्रह अनुदान'. आपल्या सरकारी निर्णयांतला अगदी तयार शब्द आहे: देणं लागत नाही, तरी देतोय.

संस्कृतप्रेमी
आणि तिथे मात्र संस्कृत चालतं!

तोक्योकर
जपानी बाजूच्या शब्दांबद्दल थोडं. 'जपानने माफी मागितली' आणि 'जपानने माफी मागितली नाही' ही दोन्ही वाक्यं तुमच्या लेखात येतील, आणि कुठली तारीख, कोण बोललं यावर दोन्ही खरी असू शकतात.

१५ ऑगस्ट १९९५ च्या निवेदनात पंतप्रधान मुरायामांनी दोन शब्द वापरले: 'हान्सेई' आणि 'ओवाबी'. हान्सेई म्हणजे मागे वळून स्वतःकडे बघणं. शाळेत मुलाने खिडकी फोडली तरी त्याला हान्सेई करायला सांगतात. मराठीत प्रसंग बघून आत्मपरीक्षण किंवा पश्चात्ताप. ओवाबी म्हणजे सरळ माफी. याशिवाय 'इकान' आहे, तो आपला सरकारी 'खेद': वाईट झालं, पण कुणी केलं ते बोलत नाही.

सम्राटांनी १९९८ च्या मेजवानीत यातलं काही वापरलं नाही. युद्धाच्या जखमा आठवून खोल दुःख आणि वेदना होतात, अशा अर्थाचं ते बोलले. राज्यघटनेच्या ४थ्या कलमाप्रमाणे सम्राटाला राज्यकारभाराचे अधिकार नाहीत, त्यामुळे देशाच्या वतीने माफी मागणं त्यांच्या हातात नव्हतं. रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांना हे कलम सांगून उपयोग नव्हता. युद्ध सम्राटाच्या नावाने लढलं गेलं, मग माफीही त्याच नावाने यावी, हा त्यांचा हिशेब.

म्हणून मेजवानीतल्या भाषणाला 'दिलगिरी' लावू नका. 'दुःख व्यक्त केलं' एवढंच.

संस्कृतप्रेमी
दिलगिरी मुळात फारसी. 'क्षमायाचना' का नाही?

साधंसरळ
क्षमायाचना देवाजवळ आणि सत्यनारायणाच्या पोथीत. दोन देशांत दिलगिरी, खेद आणि माफी या तीन पायऱ्या आहेत आणि त्या उपयोगी आहेत. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' ही पाटी नळदुरुस्तीच्या खड्ड्यावरही लागते. दिलगिरीची किंमत तेवढीच. माफीला मात्र गुन्हेगार लागतो, म्हणून मंत्रालयं तिला घाबरतात.

रेघोट्या
हे सगळं टिपून घेतलं, पण 'अढी'च्या वरचा आणि 'डूख'च्या खालचा शब्द अजून मिळाला नाही.

आंबेवाला
खुन्नस.

बखरवाचक
अहो, माउंटबॅटनलाही खुन्नस म्हणणार का? ऑक्टोबर १९७१ मध्ये हिरोहितो (अकिहितोंचे वडील, युद्धकाळातले सम्राट) लंडनला आले तेव्हा तो शाही मेजवानीला गेला नाही. १२ सप्टेंबर १९४५ ला सिंगापूरमध्ये जपान्यांची शरणागती त्यानेच स्वीकारली होती. सम्राटाला खाजगीत भेटला, पण पंगतीला बसला नाही. भेटीला जाणं आणि पंगतीला न बसणं यांत जे उरतं, त्याला मराठीत 'किल्मिष' म्हणतात. मनात किल्मिष आहे, पण शिष्टाचार सोडला नाही.

व्याकरणवेडा
किल्मिषाला पापाचा वास आहे. ज्याच्या मनात ते असतं, दोष त्याच्याकडेच जातो. इथे उलट व्हायला हवं.

बखरवाचक
मग त्याच भेटीत लंडनच्या क्यू उद्यानात हिरोहितोंनी लावलेलं जपानी सीडरचं रोप दुसऱ्या दिवशी कुणीतरी तोडलं, त्याला काय म्हणाल? नेदरलंड्समध्ये त्यांच्या गाडीच्या काचेवर थर्मास फेकला गेला, त्याला? डचांचे स्थानबद्ध तर इंडोनेशियातल्या छावण्यांत होते.

व्याकरणवेडा
ती कृत्यं झाली. कृत्यांना शब्द असतातच. आपण मनातल्याबद्दल बोलतोय.

तोक्योकर
एक शंका. मराठीत यासाठी नेमका शब्द सापडत नाही, याचं कारण शब्दकोशापेक्षा इतिहासात असेल का? मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला ५०व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन जपान्यांशी लढली. पण आझाद हिंद सेनेमुळे 'जपानी म्हणजे शत्रू' हे चित्र इथे रुजलंच नाही. भारताने सॅन फ्रान्सिस्को तहावर सही केली नाही, ९ जून १९५२ ला स्वतंत्र तह केला आणि भरपाईचा दावा सोडला. अकिहितो २०१३ मध्ये दिल्ली-चेन्नईला आले तेव्हा त्यांचं स्वागतच झालं. न्यू गिनीत आणि जवळच्या राबौल बंदरात जपान्यांकडे कैदेत राहिलेले भारतीय सैनिक मात्र कुठल्याच गोष्टीत बसले नाहीत.

साधंसरळ
शब्द आहेत हो, फक्त नामं नाहीत, क्रियापदं आहेत. 'ते विसरले नव्हते.' 'त्यांनी मनातून काढलं नव्हतं.' लेखभर एकच नाम फिरवायचा हट्ट मूळ भाषेचा आहे, आपण तो का धरायचा?

आणि 'माजी शत्रू' असं काही लिहिलं असेल तर तेही काढा. माजी मुख्यमंत्री असतो, माजी नगरसेवक असतो. शत्रुत्व हे पद नाही. 'एकेकाळचे शत्रू' लिहा.

रेघोट्या
ते शीर्षकातच आहे... बदलते. 'राजकीय भेट' चालेल ना पण?

कागदोपत्री
नाही. मराठीत 'राजकीय' म्हणजे पक्षापक्षांचं. सम्राट कुठल्या राजकीय भेटीला जाणार? राष्ट्रप्रमुखाने राष्ट्रप्रमुखाला बोलावलं, मिरवणूक, शाही मेजवानी आणि तोफांची सलामी (लंडनच्या शाही उद्यानात ४१, टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यावर ६२) असं सगळं असलं की 'शाही इतमामातला दौरा' म्हणा. आपल्याकडे अंत्यसंस्कार 'शासकीय इतमामात' होतात, तोच इतमाम.

संस्कृतप्रेमी
इतमामही अरबी. 'राजसन्मानपूर्वक' लिहा.

कागदोपत्री
लिहा की. मग मेजवानी काढून 'राजभोज' आणि तोफ काढून 'शतघ्नी'.

संस्कृतप्रेमी
शतघ्नी हा शब्द महाभारतात आहे, हसण्यासारखं काही नाही.

बखरवाचक
महाभारतातली शतघ्नी म्हणजे तोफच, हे कुणी ठरवलं? त्यावर वेगळा धागा काढा. इथे आधी 'पाडाव' का नको ते सांगा, ते अजून कुणीच नीट सांगितलेलं नाही.