विषय: नर्मदा परिक्रमेच्या गाडीतला टॅबलेट (रविवारच्या आत ठरवा)

नाना, तिलकनगर
सर्वांस नमस्कार. देवउठनी एकादशी झाली की निघायचं, टॅबलेटचे पैसेही मंजूर झालेत. दुकानदार म्हणतो, सिमवालं मॉडेल कशाला, वायफायवालं घ्या, नकाशे घरूनच उतरवून न्या. शूलपाणीच्या झाडीत रेंज नसते, तिथे चालेल का? उत्तर इथेच द्या, दुपारी फोन नको.

अण्णा
नकाशा दिसेल हो, पण त्यावर आपण कुठे आहोत ते कोण सांगणार? वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतंच. सिमवाल्यात असतं, मग सिम घाला वा नका घालू. अँड्रॉइडचं मॉडेलवर आहे, वायफायवाल्यांतही बऱ्याच जणांत असतं. माहितीपत्रकात जीपीएस शब्द शोधा. दुकानाबाहेर उघड्यावर वायफाय बंद करून चाला, ठिपका सरकला पाहिजे. लगेच नाही सरकला तर भांडू नका. नेट नसलं की उपग्रहांची माहिती उपग्रहांकडूनच घ्यावी लागते, ती सगळी यायलाच १२.५ मिनिटं लागतात.

काकू, सुदामानगर
परत आल्यावर तो कुणाच्या घरी राहणार ते आधी लिहून ठेवा. गणपतीतला स्पीकर कुठे आहे हे मी विचारत नाहीये.

अण्णा
वहिनी, स्पीकर माझ्याकडे आहे. दर महिन्याला चार्ज करतो.

धाकटे सचिव
टॅबलेट कुठलाही घ्या, खरी अडचण पुलांची आहे. ॲपला जवळचा रस्ता कळतो, मैया ओलांडायची नाही हे कळत नाही. दक्षिण तटावरून बडवानीकडे जाताना ते खुशाल खलघाटचा पूल दाखवेल. गूगलच्या ऑफलाइन नकाशात एखादा रस्ता वगळता येत नाही. ऑसमअँड नावाच्या नकाशाच्या ॲपमध्ये नकाशावर बोट ठेवून तेवढा रस्ता टाळता येतो. खलघाट, मोरटक्का वगैरे पूल मी घरी बसून बंद करून देतो. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात, छत्तीसगड असे नकाशे उतरवावे लागतील. अमरकंटकला मध्य प्रदेश आणि छत्तीसगड दोन्ही लागतात.

काकू
सगळे पूल बंद? समुद्राजवळ विमलेश्वरहून आपण होडीने पलीकडच्या तटावर मिठीतलाईला जाणार, रिकामी गाडी भरूचच्या पुलावरूनच येणार ना? ड्रायव्हरला समुद्रात घालता का?

धाकटे सचिव
भरूचचा उघडा ठेवतो.

नाना
म्हणजे त्या दिवशी टॅबलेट ड्रायव्हरकडे. मग बोलणारा आवाज हिंदी ठेवा. आणि खर्च माझ्या सहीशिवाय नाही, हिशेब मीच ठेवतो. सिमवालं घेऊ. काचेला चिकटवायचा स्टँड कोण आणतंय? मागचा उन्हाने सुटून पडायचा.