मदत हवी आहे: टोमॅटोचे कॅरेट आणि घरची माणसं, दोन्हीला चालेल अशी छोटी पिकअप कोणती?

नमस्कार मंडळी, आम्ही जुन्नर तालुक्यातले. सीझनला टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला आणि एरवी खतं, ड्रिपचे पाइप, पेंडीची पोती अशी किरकोळ ने-आण. आत्तापर्यंत भाड्याच्या गाडीवर भागवलं पण तोडा उरकला की नेमकी गाडी मिळत नाही, मिळाली तरी चार जणांचा माल गोळा करत फिरते आणि आपला माल पोचेस्तोवर भाव उतरलेला असतो. म्हणून स्वतःचीच घ्यायची ठरलंय. घरात दुसरी चारचाकी नाही, त्यामुळं आईला दवाखान्यात न्यायचं, पोरांना शाळेत सोडायचं तेही हिच्यातच.

एका कॅरेटात 20 किलो माल बसतो. मारुतीची सुपर कॅरी पेट्रोल 740 किलो घेते, सीएनजी 625, म्हणजे सीएनजीत 30 कॅरेट भरले तरी कॅरेटचं वजन धरून जास्तच होतंय. चालवायला हलकी आहे, वावराच्या अरुंद रस्त्यात पटकन वळते, पण सीट दोनच. टाटाची इंट्रा व्ही 20 टनभर घेते, पेट्रोल-सीएनजी दोन्हीवर चालते, व्ही 30 डिझेल 1300 किलो, पण तिथंही सीटचं तेच. घरच्यांना मागं हौद्यात बसवणं मला अजिबात मान्य नाही, कायद्यात बसत नाही आणि जिवाशी खेळ आहे तो.

म्हणून मन महिंद्राच्या बोलेरो कॅम्परवर येतंय. पाच माणसं आत, मागं टनभर माल, अडीच लिटरचं डिझेल, आणि पावसाळ्यात वावरात गाळ झाला की फोर व्हील ड्राइव्हचा पर्याय पण आहे. हौदा मात्र लहान, कॅरेट वर रचावे लागणार. दुसरी काळजी म्हणजे मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या. मित्राची रिकामी चालवून पाहिली, प्रत्येक स्पीड ब्रेकरला मागून उसळत होती, आईचे गुडघे आधीच दुखतात, तिला मागच्या सीटवर रोज बसवायचं म्हणजे जीव वर-खाली होतो. इसुझूची व्ही-क्रॉस आवडते पण बजेटच्या फार बाहेर.

मालवाहू म्हणून पिवळी नंबरपाटी येणार, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस तपासणी, 80 चा स्पीड लिमिटर, हे सगळं चालेल. लायसन्सचं टेन्शन नाही, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलंय की साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर 7500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते.

ज्यांच्याकडं कॅम्पर घरची गाडी म्हणून आहे त्यांनी प्लीज सांगा, रिकामी असताना टायरमधली हवा कमी ठेवून किंवा थोडं वजन टाकून उसळणं खरंच कमी होतं का? एखादा पाटा काढून घेतात म्हणे, पण मग भरल्यावर गाडी बसणार नाही का? डिझेलला लोड टाकून आणि रिकामी ॲव्हरेज किती पडतं तेही सांगा. आणि जुनी घ्यायची तर चेसिसला गंज कुठं बघायचा, खत वाहिलेली गाडी असेल तर जास्त भीती वाटते. तोडा सुरू व्हायच्या आत गाडी दारात पाहिजे, म्हणून जरा लवकर कळवा.