डाळींसाठी चौकोनी डबे, हूक चमच्यांपुरते

स्वयंपाकघरात जागा कमी असेल तर टाइलवर चिकटवायच्या हुकांवर फळी टांगून डाळी ठेवा, असं काही जण सुचवतात. चमचे, गाळणीपुरतं ठीक, पण डाळींचं वजन त्यांच्यावर नकोच. फोडणीच्या तेलाचा थर टाइलवर बसतो आणि गोंद सुटतो. आमच्याकडे तूरडाळीचा डबा मध्यरात्री खाली आला. लावायचेच तर आधी टाइल स्पिरिटने पुसा आणि एक दिवस त्यावर काही टांगू नका.

खरा फरक पडला तो डब्यांच्या आकाराने. गोल डबे ओळीत लावले की फळीची साधारण २१ टक्के जागा मधल्या फटींतच जाते. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची सोय नाही, म्हणून ओट्याखाली पायांचा सुटा स्टील रॅक ठेवला आणि त्यावर चौकोनी डबे. तांदळाची कोठी मात्र खालीच.