विषय: १७ ऑक्टोबर, आणि कोजागिरीचं पातेलं

प्रेषक: स. (सनीव्हेल), गुरुवार, १७ ऑक्टोबर २०२४

मंडळी, काल कोजागिरीला आलेल्या सर्वांचे आभार. दूध पुरलं, भेळ संपली. एक मोठं स्टीलचं पातेलं (एका बाजूला पोचा आहे) आणि दोन डाव हॉलवर राहिलेत. ज्यांचे असतील त्यांनी शनिवारपर्यंत न्यावेत.

दुसरं म्हणजे आज सकाळी १० वाजून १७ मिनिटांनी आम्हाला ऑफिसात टेबलाखाली बसवलं. भूकंपाचा सराव, आणि वेळसुद्धा तारखेला जुळवलेली. शेजारच्या टेबलाखालचा गोरा म्हणाला, "आज जायंट्सच्या त्या मॅचला ३५ वर्षं झाली." कुठली मॅच विचारलं, तर म्हणे जी झालीच नाही ती. जुन्यांपैकी कुणाला माहीत आहे का?

---

प्रेषक: प्र. काका (फ्रीमाँट)

पातेलं आमचं. पोचा १७ ऑक्टोबर १९८९ चाच, फडताळावरून पडलं तेव्हाचा. आता मॅच.

त्या वर्षी बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजला सॅन फ्रान्सिस्कोचे जायंट्स आणि खाडीपलीकडच्या ओकलंडचे अॅथलेटिक्स, म्हणजे ए'ज, असे दोन्ही संघ इथलेच आले. एकाच पुलाची दोन टोकं, म्हणून सगळे तिला 'बे ब्रिज सिरीज' म्हणत. सातांत चार सामने जिंकायचे. पहिले दोन ओकलंडने घरच्या मैदानावर ५-० आणि ५-१ असे घेतले. पहिला नेमका कोजागिरीच्या दिवशी, आटीव दुधाबरोबर तो पराभव गिळला. तिसरा मंगळवारी, १७ तारखेला, सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर, संध्याकाळी ५.३५ ला.

मी सँटा क्लाराला नोकरीला. साहेब जायंट्सवेडा, त्यामुळे साडेतीनलाच ऑफिस ओस पडलं. पाचच्या आत घरी येऊन टीव्हीसमोर बसलो. समालोचक टिम मॅकार्व्हर आधीच्या सामन्यातली दृश्यं दाखवून काहीतरी समजावत होता. ५ वाजून ४ मिनिटं झाली, चित्र थरथरलं आणि त्याचा जोडीदार अल मायकल्स म्हणाला, "आय विल टेल यू व्हॉट, वी आर हॅविंग ॲन अर्थ..." आणि चित्र गेलं. पुढचं 'क्वेक' आमच्या फडताळाने पूर्ण केलं. पंधराएक सेकंदच, पण तेवढ्यात मी देवापासून एलआयसीपर्यंत सगळं आठवून घेतलं.

स्टेडियममध्ये ६२,००० माणूस. हलायचं थांबल्यावर लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या! एकाने पुठ्ठ्यावर लिहून धरलं: हे काहीच नाही, जायंट्सची बॅटिंग येऊ द्या. वीज गेलेली, बाहेर काय झालंय याचा कुणाला पत्ता नाही. मग कुणाच्या ट्रान्झिस्टरवर, कुणाच्या हातातल्या छोट्या टीव्हीवर कळलं की बे ब्रिजच्या वरच्या मजल्याचा एक तुकडा खाली आलाय. खेळाडूंनी बायकापोरांना गॅलरीतून मैदानात उतरवून घेतलं. बेसबॉलचा कमिशनर फे व्हिन्सेंटने सामना पुढे ढकलला, आणि एवढी गर्दी उजेड आहे तोवर बाहेर पडली. मॅच वरून दाखवायला आलेलं गुडइयरचं फुग्यासारखं हवाई जहाज रात्री शहरातल्या आगी दाखवत होतं.

जायंट्सनी पुढे २०१०, २०१२, २०१४ ला सिरीज जिंकल्या. मी तिन्ही पाहिल्या, नाचलोसुद्धा. पण माझ्या वयाच्या माणसाला १७ ऑक्टोबर एवढंच म्हणा, त्या क्षणी तो कुठे होता ते सांगायला लागेल. एकही चेंडू टाकला गेला नव्हता त्या दिवशी.

आणि एक सांगतो. मॅच नसती तर पाचला मी ८८० फ्रीवेवर असतो, ओकलंडमध्ये जो कोसळला तोच. मॅचने माणसं वाचवली.

---

प्रेषक: नि. (अलामेडा)

काका, जायंट्सवाले अजून म्हणतात की भूकंपाने आम्हाला हरवलं. आधीच ०-२ होतात! उलट दहा दिवसांच्या खंडाने फायदा आम्हा ए'जवाल्यांचा झाला हे मान्य. पहिल्या दोन सामन्यांचे पिचर (चेंडू टाकणारे) डेव्ह स्टुअर्ट आणि माइक मूर पुन्हा ताजेतवाने. २७ तारखेला १३-७, २८ ला ९-६, चार-शून्य, खेळ खलास. जिंकल्यावर शॅम्पेन उडवली नाही पोरांनी.

स्टुअर्ट ओकलंडचाच. फ्रीवे कोसळला तिथे तो मधल्या दिवसांत ढिगारा उपसणाऱ्यांमध्ये जाऊन यायचा. सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. कोणाला पटो न पटो, माझ्या लेखी तो त्या जाण्यासाठीच ठरला.

गेल्या महिन्यात २६ सप्टेंबरला लेकाला घेऊन कॉलिसियमवर गेले होते. ए'जचा ओकलंडमधला शेवटचा सामना. टेक्ससला ३-२ ने हरवलं आणि संघ निघाला, आधी सॅक्रामेंटोला, मग लास व्हेगासला. लेक विचारत होता, "मग आपण आता जायंट्सचे का?" तोंडात मारावीशी वाटली.

---

प्रेषक: मी. (ओकलंड)

काका, तुमचं ८८० आणि ते ८८० यांत तीसेक मैलांचं अंतर आहे हो. 🙂

मी सिव्हिलवाली, म्हणून राहवत नाही. एकूण ६३ माणसं गेली, त्यातली ४२ एकट्या सायप्रेस फ्रीवेवर, म्हणजे ८८० च्या ओकलंडमधल्या तुकड्यावर. १९५७ चा दुमजली रस्ता. खांब आणि वरचा मजला जिथे जोडले होते तिथे पुरेशी सळईच नव्हती. त्यातही उत्तरेकडचा, खाडीच्या मऊ चिखलावरचा भाग बसला; दक्षिणेकडचा घट्ट जमिनीवरचा उभा राहिला. चिखलात हादरा वाढतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या मरिना भागात तेच झालं, तिथे १९१५ च्या प्रदर्शनासाठी भर घालून जमीन केलेली. केंद्र मात्र लांब, सांता क्रूझच्या डोंगरात.

मॅचबद्दल काका अर्धे बरोबर. पहिल्या रात्री सायप्रेसखालच्या मृतांचा अंदाज दोनशेच्या वर होता, कारण त्या वेळी तिथे गाडीला गाडी लागलेली असते. दोन्ही संघ इथलेच, अर्धं गाव लवकर घरी गेलेलं. रस्ता मोकळा होता हे खरं. मॅच नसती तर किती गेले असते, ते मात्र कुणीही सांगू नये. पुलाचा तो पडलेला तुकडा महिन्याभरात बसवला. नवा पूर्वेकडचा पूल यायला २०१३ उजाडलं.

---

प्रेषक: ब. (डब्लिन)

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. इथला ६.९ चा, किल्लारीचा ६.२ चा, आणि आमच्याकडे दहा हजारांच्या आसपास माणूस गेला. इथलं लाकडी घर हललं आणि उभं राहिलं. आमच्या दगडमातीच्या दोन दोन फूट जाड भिंती झोपलेल्यांवरच आल्या.

मॅचचं मला काही कळत नाही. पण पुठ्ठ्यावर लिहून धरणारा तो माणूस वाचून हसू आलं, आणि मग नाही आलं.

---

प्रेषक: प्र. काकांच्या अकाउंटवरून काकू

पातेलं शनिवारी मी नेते. पोचा १९८९ चा नाही, ९७ च्या गणपतीत यांच्याच हातून पायरीवर पडलं होतं. भूकंपात पडला तो कुकर, आणि तो आम्ही टाकून दिला.

त्या दिवशी हे साडेतीनला निघाले ते दाढ दुखत होती म्हणून. टीव्ही लावला होता हे खरं आहे.

डाव आमचे नाहीत.