सल्ला हवा: स्पॅनिशमधलं 'एस्कूचा आक्तीवा' सरळ इंग्रजीत कसं आणायचं? (नाशिक, बजेट ६ हजार)

अंबडची_एचआर · मंगळवार, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी. अंबडला आमची पार्ट्सची कंपनी आहे, मूळ मालक स्पेनचे. तिकडून सुपरवायझरांच्या ट्रेनिंगसाठी २२ पानांची फाईल आलीये, सगळी स्पॅनिशमध्ये. विषय काय, तर 'एस्कूचा आक्तीवा', म्हणजे कामावर माणसांचं ऐकायचं कसं. येत्या सोमवारी मला ती इंग्रजीत हवी आहे. इंग्रजी असं हवं की आमचे शिफ्टचे लोक वाचतील आणि तिकडचा साहेब आला तर त्यालाही पटेल. मी फुकटच्या एका साइटवर टाकून बघितलं.

मूळ वाक्य: लोस मान्दोस देबेन एस्कुचार आ ला प्लान्तिया.
निघालं ते: द कंट्रोल्स मस्ट लिसन टू द टेम्प्लेट.

हसू नका, हे मी न वाचता प्लांट हेडना पुढे पाठवलंय.

माणूस सुचवा, डिक्शनरी सुचवा, अ‍ॅप सुचवा. बजेट ६ हजार, वर एक रुपया मंजूर होणार नाही. क्लास नको, तेवढा वेळ नाही.

गंगापूर_रोडकर · रात्री ९:५५
ताई, मी मागच्या वर्षी दुबईहून हातात धरायचं भाषांतराचं यंत्र आणलं. १८ हजार पडले पण वसूल. बटण दाबायचं, बोलायचं, समोरच्या भाषेत उत्तर. ऐकण्याचाच विषय आहे ना तुमचा? डोळे मिटून घ्या.

अंबडची_एचआर · रात्री ९:५८
काका, माझ्याकडे पीडीएफ आहे. पीडीएफ बोलत नाही. आणि ६ हजार.

गंगापूर_रोडकर · रात्री १०:०३
तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा त्याला.

सातपूर_ते_सीबीएस · रात्री १०:१०
डीपएल वापरा, भाषांतराची साइट आहे. विषय संपला.

पेठेतला_पुणेकर · रात्री १०:२२
असली कामं पुण्यातच होतात. आम्ही एका एजन्सीकडून जर्मनचं करून घेतलं होतं, शब्दाला ३ रुपये. २२ पानं म्हणजे ७ हजार शब्द धरा, २१ हजार होतील. चांगल्या कामाला पैसे लागतात.

टर्निंगवाला · रात्री १०:३०
सहा हजार म्हटलं की एकाला १८ दिसतात, दुसऱ्याला २१. आणि सोमवारपर्यंत पुण्याला जाऊन परत यायचं तर चाकणलाच रविवार उजाडेल. आमचा अनुभव सांगतो. आमच्याकडे एक स्पॅनिश मशीन आली, मॅन्युअल यंत्रातून इंग्रजीत काढलं. त्यात लिहिलेलं, ऑपरेटर बदलताना 'लोअर' ची नोंद करा. आम्ही तीन महिने टेबलची उंची लिहित बसलो. नंतर कळलं की मूळ शब्द 'बाखा' होता, म्हणजे माणूस आजारपणाच्या रजेवर.

सातपूर_ते_सीबीएस · रात्री १०:३४
म्हणूनच म्हणतो, डीपएल वापरा.

बी२_वाली · रात्री ११:०५
मी स्पॅनिशची बी२ पातळीची देले परीक्षा दिली आहे, इन्स्तितुतो सेर्वान्तेसची. म्हणून जरा लांब लिहिते.

ताई, तुमच्या त्या वाक्यात दोन शब्दांनी घोळ घातलाय. 'मान्दो' म्हणजे रिमोट, कंट्रोल, पण अनेकवचनात ऑफिसात 'मान्दोस' म्हणजे हाताखाली माणसं असणारे लोक. 'मान्दोस इन्तेर्मेदिओस' म्हणजे मधल्या फळीचे मॅनेजर. 'प्लान्तिया' चा अर्थ नमुना, साचा, बुटातलं आतलं पॅडसुद्धा, आणि कंपनीत मात्र सगळा स्टाफ. म्हणून तुमचं वाक्य एवढंच: सुपरवायझर्स शुड लिसन टू देअर पीपल. 'द वर्कफोर्स' ही चालेल, पण ते वार्षिक अहवालातलं वाटतं.

तुमच्या फाईलमध्ये 'त्रास्लादार उना इन्किएतुद' नक्की असेल. यंत्र लिहील, ट्रान्सफर अ रेस्टलेसनेस. माणूस लिहील, रेज अ कन्सर्न. 'फोर्मासिओन' ला फॉर्मेशन लिहू नका, ट्रेनिंग. 'रेफोर्मुलार' ला रिफॉर्म्युलेट नको. समोरचा बोलला ते आपल्या शब्दांत परत सांगणं, म्हणजे 'से इट बॅक'. आणि 'बुथोन दे सुखेरेन्सियास' म्हणजे सजेशन बॉक्स.

पेठेतला_पुणेकर · रात्री ११:१८
'बुसोन'. थ नाही.

बी२_वाली · रात्री ११:२०
स्पेनच्या बऱ्याच भागात थ. तुमचा स तिकडे दक्षिणेत आणि मेक्सिकोपासून खाली अर्जेंटिनापर्यंत. ताईंची कंपनी स्पेनची आहे.

पेठेतला_पुणेकर · रात्री ११:२६
मग त्याच शब्दात 'सुखेरेन्थियास' का नाही लिहिलं? एका ठिकाणी थ, एका ठिकाणी स?

बी२_वाली · रात्री ११:३१
बरोबर पकडलंत. थ लिहायला हवा होता. टेम्प्लेटचं ऐकलं मी.

टर्निंगवाला · रात्री ११:४०
पेटी आहे ना, मग लोकांनी चिठ्ठी टाकली की झालं. आमच्या पेटीत एकदा कुणीतरी गुटख्याची पुडी टाकली होती. सूचना समजून घेतली आम्ही.

कायद्याचं_बोला · बुधवार, सकाळी ७:५०
सगळ्यांनी गंमत केली, मुद्द्याचं कुणी बोललं नाही. फाईलमध्ये 'कानाल दे देनुन्सियास' असेल तर सांभाळा. स्पेनमध्ये २० फेब्रुवारी २०२३ चा कायदा आहे, क्रमांक २/२०२३. गैरप्रकार कळवणाऱ्यांना संरक्षण, आणि ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीत तक्रार आत कळवायची सोय सक्तीची. मुळात युरोपियन युनियनच्या २०१९/१९३७ या निर्देशावरून तो केलाय. 'देनुन्सिया' ला डिनाउन्स लिहिलंत तर असं वाटेल की चौकात उभं राहून कुणाचा निषेध चाललाय. इथे रिपोर्ट, फार तर कंप्लेंट. पूर्ण शब्द व्हिसलब्लोइंग चॅनल.

आणि फुकटची युक्ती. यूर-लेक्स या साइटवर युरोपचे कायदे दोन-तीन भाषांत शेजारीशेजारी लावून दिसतात. तोच निर्देश स्पॅनिश आणि इंग्रजी लावा, अर्ध्या तासात कायद्याचे सगळे शब्द हाताशी. शून्य रुपये.

नवीन_सदस्य_नाशिकरोड · सकाळी ८:१५
कोणी डीपएल सुचवलं का? चांगलं आहे.

हेडसेट_उतरवलेला · सकाळी ९:०२
मी पाच वर्षं स्पॅनिश कॉल सेंटरला होतो, रात्रपाळी. 'एस्कूचा' एकवचनी असेल तर ठीक. अनेकवचनात 'एस्कूचास' दिसलं की थांबा. आमच्याकडे ते म्हणजे क्वालिटीवाले आपले कॉल गुपचूप ऐकतात ते, इंग्रजीत कॉल मॉनिटरिंग. स्पेनच्या पेपरात तर 'एस्कूचास तेलेफोनिकास' म्हणजे सरळ फोन टॅपिंग. एका मुलीने ट्रेनिंगच्या स्लाइडवर 'वी डू रेग्युलर टॅपिंग ऑफ अवर एम्प्लॉईज' असं लिहिलं होतं. स्लाइड दोन दिवस भिंतीवर होती. कुणी बोललं नाही, कारण सगळ्यांना ते खरंच वाटलं.

अंबडची_एचआर · सकाळी ९:३०
अहो, पान ११ वर 'एस्पासिओस दे एस्कूचा' आहे. लिसनिंग स्पेसेस लिहू का? आमच्या शॉप फ्लोअरवर स्पेस म्हटलं की लोक पार्किंग समजतात.

हेडसेट_उतरवलेला · सकाळी ९:३६
लिसनिंग सेशन म्हणा. किंवा सरळ वाक्य करा, 'दर गुरुवारी मॅनेजर अर्धा तास मोकळे बसतील, कुणीही या.' इंग्रजीत ड्रॉप-इन म्हणतात त्याला. स्पॅनिशला नामं आवडतात, ऐकण्याची जागा, ऐकण्याची क्षमता, ऐकण्याची फेरी. इंग्रजीत क्रियापद लावलं की वाक्य चालायला लागतं. 'कापासिदाद दे एस्कूचा' ला लिसनिंग कपॅसिटी लिहिलंत तर पाण्याच्या टाकीसारखं वाटेल. शी इज अ गुड लिसनर, झालं.

संदर्भप्रेमी · सकाळी १०:१०
अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग हा शब्द मुळात इंग्रजीच आहे. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या इंडस्ट्रियल रिलेशन्स सेंटरसाठी एक पुस्तिका लिहिली, तिथून तो कारखान्यांत पसरला. म्हणजे 'एस्कूचा आक्तीवा' हेच भाषांतर आहे. तुम्ही सासरी गेलेल्या मुलीला माहेरी आणताय, तिचं नाव कशाला बदलता? अ‍ॅक्टिव्ह लिसनिंगच ठेवा.

टर्निंगवाला · सकाळी १०:२५
माहेरी आली तरी आमच्या शिफ्टला ती ओळखू येणार नाही. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे आमच्याकडे सिम कार्ड.

द्वारका_जामात_अडकलेला · सकाळी १०:४८
कुंभाच्या कामांमुळे सगळीकडे खोदलंय, अर्धा तास एका जागी आहे म्हणून लिहितो. मुळात इंग्रजी कशाला? सुपरवायझर मराठी, ऑपरेटर मराठी, फार तर हिंदी. थेट मराठीत करा. आपली भाषा काय कमी आहे?

अंबडची_एचआर · सकाळी ११:००
दादा, कस्टमरचं ऑडिट इंग्रजीत होतं, कागद इंग्रजीतच लागतो. आणि मराठीत एकदा करून पाहिलंय. नोटीस बोर्डावर लावलं होतं, 'सुपरवायझरने ऑपरेटरचे ऐकावे.' दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शिफ्टचे दोन सुपरवायझर माझ्या केबिनमध्ये. 'मॅडम, आता आम्ही पोरांचं ऐकायचं?' त्यांच्या मते मी त्यांना ऑपरेटरच्या हुकमात दिलं होतं. मग नोटीस बदलून 'ऐकून घ्यावे' केलं, तर एक जण म्हणाला, बोलणी तर आम्ही रोजच ऐकून घेतो.

बी२_वाली · सकाळी ११:१४
ताई, हे भारी आहे! आणि हाच घोळ इंग्रजीतही आहे. 'लिसन टू युवर मदर' म्हणजे आईचं ऐक, म्हणजे ती सांगेल ते कर. स्पॅनिशला त्यासाठी वेगळा शब्द आहे, 'आसेर कासो'. त्यामुळे 'एस्कुचार' वर हुकमाचा भार कमी पडतो, इंग्रजीत आणि मराठीत तो डोकावतो. फाईलमध्ये कुठे 'दार ला रासोन' आहे का बघा.

अंबडची_एचआर · सकाळी ११:२०
आहे! पान ४, ठळक अक्षरात. 'एस्कुचार नो सिग्निफीका दार ला रासोन.' यंत्र म्हणतं, लिसनिंग डझ नॉट मीन गिव्हिंग द रीझन.

बी२_वाली · सकाळी ११:२३
रीझन द्यायचा नाहीये. 'दार ला रासोन' म्हणजे तू बरोबर आहेस असं मान्य करणं. यू कॅन हिअर समवन आउट विदाउट अग्रीइंग विथ देम. 'हिअर आउट' हे तुमच्या 'ऐकून घेणे' च्या सगळ्यात जवळ आहे, आणि त्यात हुकूमही नाही, बोलणीही नाहीत. मधेच तोडू नका, शेवटपर्यंत बोलू द्या, एवढंच.

संदर्भप्रेमी · सकाळी ११:४०
तरीही पारिभाषिक शब्द अ‍ॅक्टिव्ह लिसनिंगच. ऑडिटर तोच शोधेल.

नवीन_सदस्य_नाशिकरोड · सकाळी ११:५२
डीपएलचं फ्री व्हर्जन पण आहे.

द्वारका_जामात_अडकलेला · दुपारी १२:०५
अजून तिथेच.

कायद्याचं_बोला · दुपारी १२:३०
वर्डरेफरन्स डॉट कॉम कुणीच सुचवलं नाही याचं नवल वाटतं. १९९९ पासून आहे, फुकट आहे, खाली लोकांच्या चर्चा असतात. 'प्लान्तिया' टाकलं असतं तर स्टाफ पहिल्या मिनिटात सापडला असता. आणि बजेटवर चाललेली चर्चा इथेच थांबली असती.

गंगापूर_रोडकर · दुपारी १:१५
माझं यंत्र विकायचं आहे. १२ हजार. ताईंसाठी ११.

अंबडची_एचआर · पुढचा मंगळवार, सायंकाळी ६:३०
उशीर झाला, माफ करा. सोमवारी झालं एकदाचं. तुमच्यापैकी कुणाचंच पूर्ण ऐकलं नाही (कुठल्या अर्थाने ते तुम्ही ठरवा).

डीपएलमध्ये अर्धी फाईल टाकली. टेम्प्लेट गेलं, पण सगळं इतकं गुळगुळीत आलं की वाचून कुणाला काही करावंसं वाटेना. एजन्सी परवडणार नव्हती. मग ज्या बाईंनी ही फाईल बनवली त्यांनाच व्हिडिओ कॉल लावला. आपले दुपारचे साडेतीन म्हणजे सध्या त्यांचे बारा, जेवायला दोन तास अवकाश, त्या निवांत होत्या. मी फक्त अवघड शब्दांची यादी पुढे ठेवली आणि प्रत्येक शब्दाला विचारलं, 'हे तुमच्या कारखान्यात कोण करतं, करून दाखवा.' 'सिलेन्सिओ आक्तीवो' ला त्या सात-आठ सेकंद नुसत्या माझ्याकडे बघत बसल्या. मला वाटलं नेट गेलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी बोट वर केलं. तेव्हा कळलं. इंग्रजीत मी लिहिलं, 'वेट. दे आर नॉट डन.'

२२ पानांची ६ झाली. शीर्षक 'हिअर देम आउट'. अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग फक्त तळटीपेत, ऑडिटरसाठी. तक्रारीच्या पानावर मात्र कायद्याचे शब्द जसेच्या तसे यूर-लेक्सवरून घेतले, तिथे शहाणपणा केला नाही.

६ हजार शिल्लक होते. ते ट्रेनिंगच्या सकाळी सगळ्या सुपरवायझरांच्या मिसळीवर घातले, पापड आणि दही धरून. दुसऱ्या शिफ्टचे तेच दोघे पहिल्या रांगेत होते.

पेठेतला_पुणेकर · सायंकाळी ६:४४
म्हणजे २२ पानांची ६ केलीत. याला भाषांतर म्हणत नाहीत.

सातपूर_ते_सीबीएस · सायंकाळी ६:५०
मग विचारलं कशाला इथे?

टर्निंगवाला · सायंकाळी ६:५८
ते जाऊ द्या हो. मिसळ कुठली मागवली ते सांगा ताई.

अंबडची_एचआर · सायंकाळी ७:०२
सांगितलं तर हा धागा दोनशे प्रतिसादांना जाईल.

द्वारका_जामात_अडकलेला · सायंकाळी ७:०५
काळ्या रश्श्याची होती का तेवढं सांगा फक्त.