कीटोवर पोटॅशियम दिवसाला किती? पायातले गोळे थांबत नाहीत (नाशिक)

सायकल_गंगापूररोड
कीटो चालू आहे, कार्ब 20 ग्रॅमच्या आत. वजन उतरतंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्री पोटरीत असे गोळे येतात की उठून उभं राहावं लागतं. सकाळी पलंगावरून उठताना डोळ्यांसमोर अंधारी येते आणि दुपारी मधूनच छातीत धडधड. "भरपूर पाणी प्या" हे कृपया कोणी सांगू नका, चार लिटर पितोय. लो सोडियम मीठ आणलंय, मेडिकलमधून मॅग्नेशियमच्या गोळ्या आणल्यात, रोज एक ओआरएस घेतो. तरी फरक नाही. मला एवढंच सांगा, पोटॅशियम दिवसाला किती मिलिग्रॅम घ्यायचं आणि नाशकात पोटॅशियम क्लोराईडची पावडर कुठे मिळेल? आज-उद्याच आणायची आहे.

पंचवटीची_सुगरण
पावडर कशाला हवी? रोज एक शहाळं प्या. निसर्गाने दिलेलं पोटॅशियम आहे ते.

मापात_मीठ
ताई, शहाळ्यात पोटॅशियम आहे हे खरं, मध्यम शहाळ्यात 500-600 मिलिग्रॅम सहज निघतं. पण सोबत 8-10 ग्रॅम साखरही येते आणि यांची दिवसाची मर्यादाच 20 ग्रॅम आहे.

सायकलवाले, पावडर आत्ता आणू नका. आधी हे सांगा: दिवसाला मीठ किती ग्रॅम जातं? मॅग्नेशियम ऑक्साईड आहे, सायट्रेट आहे की ग्लायसिनेट? पोट कसं आहे? ओआरएस पाकिटातलं की तयार डब्यातलं? औषधं कोणती चालू आहेत? नाशकात सध्या ऊन काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे, तर सायकल किती वाजता आणि किती वेळ?

आणि धडधड आणि अंधारी एकत्र असतील तर आजच ईसीजी काढा. उद्यावर ढकलू नका.

सैंधव_सखा
साधं मीठ केमिकल आहे. सैंधव घ्या, त्यात 84 खनिजं असतात. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम तिन्ही त्यातच. सकाळी कोमट पाण्यात अर्धा चमचा.

मापात_मीठ
सैंधवही जवळपास सगळं सोडियम क्लोराईडच असतं. चमचाभर सैंधवात पोटॅशियम मोजके मिलिग्रॅम येतं आणि गरज हजारांत आहे. सोडियम मिळण्यासाठी सैंधव चालेल, पण त्यात बहुतेकदा आयोडीन घातलेलं नसतं. भात-भाकरी सोडून बसलेल्या माणसाने आयोडीनयुक्त मीठही सोडलं तर पुढे थायरॉईडचा प्रश्न निघू शकतो. निदान रोजच्या भाजीत तरी साधं पुड्यातलं मीठ ठेवा.

सैंधव_सखा
हजारो वर्षं लोक सैंधव खात आले, तेव्हा कुठे होतं आयोडीन?

मापात_मीठ
तेव्हा गलगंडही सर्रास होता. मिठात आयोडीन घालायला सुरुवात झाली ती त्यासाठीच.

सायकल_गंगापूररोड
विचारलं एक आणि चर्चा भलतीकडे चाललीय. उत्तरं देतो: मीठ मोजलं नाही, पण कमीच खातो, बीपीमुळे. गोळ्या मॅग्नेशियम ऑक्साईडच्या, 500 च्या दोन. पोट जरा सैल आहे, दोन-तीनदा जावं लागतं. ओआरएस म्हणजे 200 मिलीचा तयार डबा, सफरचंदाच्या चवीचा. सायकल संध्याकाळी तासभर, गंगापूर धरणाच्या बाजूला. आता पोटॅशियमचं सांगा.

मापात_मीठ
"बीपीमुळे" हा शब्द पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवा होता. गोळी कोणती आहे? पाकिटावरचं पूर्ण नाव आणि आकडे टाका. ते कळेपर्यंत पोटॅशियमचा आकडा मी देणार नाही.

तोवर बाकीचं सांगतो.

कार्ब कमी झाले की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं सोडियम सोडू लागतात, त्यामागून पाणी जातं. सुरुवातीला वजन भराभर उतरतं त्यात मोठा वाटा या पाण्याचाच. सोडियम कमी पडलं की शरीर आल्डोस्टेरॉन हे हार्मोन वाढवून ते धरून ठेवायला बघतं आणि त्या बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे जातं. म्हणून नुसतं पोटॅशियम ओतत राहिलं तरी भोक बुजत नाही, आधी सोडियम जागेवर यावं लागतं. त्यात तुम्ही मीठ कमी, लो सोडियम मीठ आणि चार लिटर साधं पाणी असं तिन्ही बाजूंनी सोडियम आणखी खाली ढकलताय.

मॅग्नेशियम ऑक्साईडमध्ये निव्वळ मॅग्नेशियम भरपूर, सुमारे 60 टक्के, पण आतड्यातून शोषलं जातं फार थोडं. उरलेलं पाणी ओढून पोट सैल करतं आणि सैल पोटातून पोटॅशियम आणखी जातं. आजपासून ते थांबवा.

तो सफरचंदी डबा ओआरएस नव्हे, मागची साखर वाचा. डब्ल्यूएचओच्या सूत्राच्या पाकिटात एका लिटरला मीठ 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड 1.5 ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम आणि ग्लुकोज 13.5 ग्रॅम असतं. तेही कीटोवर रोज प्यायची गोष्ट नाही. जुलाबासाठी मात्र तेच योग्य, तेव्हा कार्ब मोजत बसू नये.

द्राक्षबाग_दिंडोरी
विषय निघालाच आहे तर विचारतो, कीटोवर आपल्याकडची ड्राय रेड वाइन चालते का? आणि द्राक्षं किती खाल्ली तर चालतील?

ओझरची_आहारतज्ज्ञ
द्राक्षांत 100 ग्रॅममागे 16-18 ग्रॅम साखर. मूठभर खाल्ली की दिवसाचे कार्ब संपले. ड्राय वाइनच्या 150 मिलीच्या ग्लासात कार्ब 4 ग्रॅमच्या आसपास, पण मद्याने लघवी वाढते आणि मॅग्नेशियमही जास्त जातं. गोळे येणाऱ्याने तरी दूरच राहावं.

सायकल_गंगापूररोड
टेल्मिसार्टन 40 + हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5. रोज सकाळी. दोन वर्षांपासून तीच आहे, तिचा काय संबंध?

मापात_मीठ
सगळा संबंध तिचाच आहे. हायड्रोक्लोरोथायझाइड ही पाणी काढणारी गोळी. ती सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम तिन्ही बाहेर काढते आणि कीटोही तेच करतं, म्हणजे दुहेरी गळती. टेल्मिसार्टन उलट पोटॅशियम शरीरात धरून ठेवते. एक ओढते, दुसरी धरते, त्यात लो सोडियम मिठातलं पोटॅशियम क्लोराईड. तुमचं पोटॅशियम आज 3 आहे की 5.5, हे बाहेरून कोणीच सांगू शकणार नाही, आणि धडधड दोन्ही टोकांना होते. पावडर नको म्हटलं ते यासाठी.

वजन उतरलं की बीपी आपोआप उतरतं, गोळी मात्र जुन्याच मापाची राहते. उठताना अंधारी येते ती बहुधा त्यामुळेच. घरी मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्या, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला घ्या. वरचा आकडा 20 किंवा जास्त पडला तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. तपासण्या: सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, मॅग्नेशियम, युरिक ॲसिड.

सिडको_लॅबवाली
रक्त द्यायला लॅबमध्येच जा, घरी बोलावू नका. या उन्हात नमुना गाडीच्या डिकीत तासभर फिरला की आकडा खोटा येऊ शकतो, हादऱ्यांनी पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं. पट्टा घट्ट बांधलेला असताना मूठ उघडझाप करू नका, त्यानेही आकडा चढतो. रिपोर्टवर "हिमोलाइज्ड" (म्हणजे पेशी फुटलेला नमुना) लिहिलं असेल तर पुन्हा नमुना द्या. आणि मॅग्नेशियम नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, शरीरातलं जेमतेम 1 टक्का रक्तात असतं.

नियमात_राहा
इथे मीठ वाढवा म्हणून सांगितलं जातंय हे धोकादायक आहे. डब्ल्यूएचओ म्हणते दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ. बीपीच्या माणसाला असले सल्ले देऊ नका.

ओझरची_आहारतज्ज्ञ
तो आकडा सर्वसाधारण, भात-पोळी खाणाऱ्या माणसासाठी आहे आणि त्यांच्यासाठी बरोबरच आहे. कडक कीटोवर, मूत्रपिंड आणि हृदय ठीक असेल आणि बीपीची गोळी नसेल तर दिवसाला 3 ते 5 ग्रॅम सोडियम धरतात. सोडियम म्हणजे मीठ नव्हे, हे लक्षात ठेवा. एक ग्रॅम मिठात सुमारे 390 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ते साधारण 8 ते 13 ग्रॅम मीठ झालं, जेवणातलं धरून. घाम गेला तर दर लिटरला सुमारे एक ग्रॅम सोडियम आणखी जातं. यांना गोळी चालू आहे, त्यामुळे यांचा आकडा यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचा, यावर माझं आणि तुमचं एकमत आहे.

नियमात_राहा
मग असलं डाएट करायचंच कशाला? ज्वारीची भाकरी खावी, संध्याकाळी चालायला जावं.

सायकल_गंगापूररोड
डाएट सोडायचं का हे मी विचारलेलंच नाही.

रिपोर्ट आले: सोडियम 131, पोटॅशियम 3.3, मॅग्नेशियम 1.6 (तिन्ही कमी), क्रिएटिनिन 0.9. ईसीजी ठीक. झोपून बीपी 118, उभं राहून 94. डॉक्टरांनी पाणी काढणारा भाग बंद केला, नुसती टेल्मिसार्टन ठेवली. पाणी तहान लागेल तेवढंच, जेवणात नेहमीचं मीठ. पोटॅशियमचं सिरप पाच दिवस दिलंय, आठवड्याने पुन्हा रक्त. खाण्यापिण्यात नेमकं काय करू, आता तेवढं सांगा.

मापात_मीठ
योग्य डॉक्टर आहेत. सिरप त्यांनी लिहिलं तेवढंच, पाणी घालून, जेवणानंतर. 15 मिलीमध्ये सहसा दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड असतं, म्हणजे जवळपास 780 मिलिग्रॅम पोटॅशियम. रिकाम्या पोटी घेतलं तर जळजळ होते. लो सोडियम मीठ मात्र आता डब्यातून काढाच. ओढणारी गोळी गेली, धरणारी राहिली, त्यामुळे पुढच्या रक्तात पोटॅशियम वर सरकलेलं दिसेल.

मीठ चमच्याने मोजू नका. मिसळणाच्या डब्यातला चमचा वेगळा, चहाचा वेगळा, त्यात सपाट आणि शीग. छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, ग्रॅमचा दशांश दाखवणारा. दिवसाचं डॉक्टरांनी मान्य केलेलं मीठ सकाळी वाटीत काढून ठेवा आणि स्वयंपाक, ताक, कोशिंबीर सगळं त्याच वाटीतून. रात्री वाटीत उरलं तर कमी गेलं.

सायकलवर जाण्याआधी अर्धा तास ताक: 50 ग्रॅम दही, 200 मिली पाणी, त्याच वाटीतलं दीड ग्रॅम मीठ, जिरं. सोडियम जवळपास 600 मिलिग्रॅम, कार्ब दोन-अडीच ग्रॅम. एका दमात पिऊ नका, खारं पाणी घटाघट गेलं की पोट धावतं.

ओझरची_आहारतज्ज्ञ
पोटॅशियम ताटातून घ्या. 100 ग्रॅम कच्च्या पालकात 550 मिलिग्रॅमच्या आसपास, 200 ग्रॅम मशरूममध्ये 600. पण पालक उकडून पाणी पिळून टाकलं की पोटॅशियमही मोरीत जातं, त्यामुळे झाकण ठेवून अंगच्या पाण्यातच शिजवा. मुतखड्याची सवय असेल तर पालकाऐवजी मेथी, कोबी, फ्लॉवर, कारण पालकात ऑक्झलेट फार. मटण करत असाल तर अळणी (मटण शिजवलेलं पाणी) फेकू नका, मांसातून सुटलेलं पोटॅशियम त्यातच असतं. नुसत्या नळीच्या सूपात ते फारसं नसतं.

मॅग्नेशियमसाठी 30 ग्रॅम भोपळ्याच्या बिया, त्यातून दीडशे मिलिग्रॅमच्या वर मिळतं. गोळी घ्यायचीच तर ग्लायसिनेट, रात्री जेवणानंतर. पाकिटावर "एलिमेंटल" (म्हणजे निव्वळ मॅग्नेशियम) किती ते बघा, 1000 मिलिग्रॅम ग्लायसिनेटमध्ये मॅग्नेशियम फार तर 140 असतं. मॅग्नेशियम कमी असेपर्यंत पोटॅशियम टिकत नाही, म्हणून डॉक्टरांना हेही विचाराच.

इंदिरानगर_शुगर
मी शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिनची गोळी घेतो. हाच ताकाचा उपाय मला चालेल का?

मापात_मीठ
ताक चालेल, कीटो नाही. त्या गोळीवर कडक कीटो केलं तर साखर नॉर्मल दिसत असतानाही कीटोॲसिडोसिस (कीटोन वाढून रक्तात आम्ल साठणं) होऊ शकतो. मळमळ, उलटी, पोटात दुखणं, धाप यातलं काही असेल तर थेट हॉस्पिटल गाठा आणि गोळीचं नाव आधी सांगा. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कार्ब कमी करू नका.

पंचवटीची_सुगरण
माझी थायरॉईडची गोळी सकाळी असते. मॅग्नेशियम तिच्यासोबत घेतलं तर?

सिडको_लॅबवाली
नको ताई, चार तासांचं अंतर ठेवा. मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह, तिन्ही थायरॉक्सिन शोषू देत नाहीत. थायरॉईडची गोळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी, मॅग्नेशियम रात्रीच्या जेवणानंतर. आणि सैंधवावर गेला असाल तर पुढच्या वेळी टीएसएच करून घ्या.