बंद छापखान्यातला ३८६ आणि त्यातलं जिस्ट कार्ड: मिरगाआधी काय काय उरकावं?

खाडीकाठ_देवगड

नमस्कार मंडळी. खाडीलगतच्या एका बंद छापखान्यातला ३८६ डीएक्स (डॉसच्या काळातला पीसी) मिळतो आहे. एटी कॅबिनेट, ४० एमबी आयडीई हार्ड डिस्क, सव्वापाच इंची ड्राइव्ह, मोनोक्रोम मॉनिटर. आत सी-डॅकचं जिस्ट कार्ड (डॉसमध्ये देवनागरी दाखवणारं) आहे, घ्यायचा आहे तो मुख्यतः त्यासाठीच. कॅबिनेट उघडून पाहिलं: कीबोर्डच्या सॉकेटजवळची निळी बॅटरी फुटून आजूबाजूला हिरवट-पांढरं साचलंय, स्लॉटवर पांढुरकी पूड आहे आणि कॅबिनेटचा पत्रा कडेने गंजलाय. अजून वीज दिलेली नाही. कामाचा क्रम कसा ठेवू? आयसोप्रोपिल अल्कोहोल आहे, मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग जमतं. मालकांना रक्कम किती सांगावी तेही सुचवा.

कातळावरचा

वीज दिली नाहीत हे उत्तम केलंत. अशा मशीनला "चालतंय का बघू" म्हणून लावलेला पहिला प्लगच घात करतो.

आधी बॅटरी. ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम आहे. तिच्यातून येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली, आम्ल नव्हे. म्हणून खाण्याच्या सोड्याने काही साधत नाही. हातमोजे घाला, बॅटरीचे पाय कटरने कापा. पिळून ओढलीत तर खालचे तांब्याचे पॅड उखडतात, ते आधीच कमकुवत झालेले असतात. मग पांढरं व्हिनेगर, किंवा १०० मिली पाण्यात चहाचा एक चमचा सायट्रिक अॅसिड. मऊ टूथब्रशने लावा. फेस येईल: हायड्रॉक्साइडचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन कार्बोनेट झालेलं असतं, त्याचा तो फेस. पाच-दहा मिनिटांनी फेस थांबला की लगेच धुवा, व्हिनेगर बोर्डावर सुकू देऊ नका. घरात आगळ आहे म्हणून ते वापरायचा मोह टाळा, त्यात मीठ असतं. लिंबाच्या रसातही साखर आणि चोथा येतो.

धुण्यासाठी बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्या. बाटली नीट वाचून घ्या, तिथेच शेजारी बॅटरीचं अॅसिडही ठेवलेलं असतं. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी शेवटच्या धुण्याला अजिबात नको.

आता मुख्य मुद्दा. स्लॉटवरची पांढुरकी पूड बॅटरीपासून लांब असेल तर ते बहुधा खारं आहे, आणि आपल्याकडे ते बॅटरीइतकंच घातक. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांपासूनच ओल धरतं. म्हणजे देवगडात बारा महिने बोर्डावर खारट पाण्याचा पातळ थर असतो आणि वीज दिली की त्यातून गंज झपाट्याने पुढे सरकतो. नुसतं सुकवून हे जात नाही, मीठ तिथेच राहतं आणि पुढच्या दमट दिवशी परत ओलं होतं. आयसोप्रोपिलमध्येही मीठ जवळजवळ विरघळत नाही. म्हणून आधी पाणी, मग अल्कोहोल. सगळी कार्डं आणि मेमरी काढा, जंपरचे (बोर्डावरच्या पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्यांचे) फोटो घ्या, चिप-सॉकेटमधल्या चिपा दिशा लक्षात ठेवून उपसा, बोर्ड अर्धा तास डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, ब्रश फिरवा, पाणी बदलून पुन्हा तेच करा. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल, ते उरलेलं पाणी बाहेर काढतं. खिडक्या बंद करून पंख्याखाली दोन दिवस. समुद्राकडची खिडकी उघडी ठेवून पंखा लावलात तर तेच खारं परत बसेल.

रेडाराऊ२०

सोपं करा. तीन-चार दिवस तांदळाच्या डब्यात ठेवा आणि मग स्लॉटवर डब्ल्यूडी-४० मारा. गंज सुटतो.

कातळावरचा

@रेडाराऊ२० दोन्ही नको. पावसाळी हवेत तांदूळ स्वतःच दमट असतो, वर त्याचा कोंडा स्लॉटमध्ये जातो. डब्ल्यूडी-४०चा तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ चिकटते. स्लॉटसाठी कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारून कार्ड पाच-सहा वेळा आत-बाहेर करणं पुरेसं. कार्डाच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासायची सवयही सोडा, सोन्याचा थर फार पातळ असतो.

सोल्डरधूर

वरच्या धुण्याच्या क्रमाशी सहमत. पुढचं सांगतो.

बोर्ड सुकल्यावर भिंगाखाली बॅटरीभोवतीच्या रेषा बघा. बोर्डावरचा हिरवा लेप (सोल्डर मास्क) काळवंडलेला किंवा फुगलेला दिसला तर तो फायबर पेनने खरवडा आणि खाली तांबं उरलंय का ते पाहा. प्रत्येक रेषेची दोन्ही टोकं मल्टिमीटरच्या बीपवर तपासा. तुटलेल्या रेषेवर ३० गेजची रॅपिंग वायर टाका. रेषेवरच सोल्डरचा ओघळ सोडून जोडायला जाऊ नका, गंजलेल्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. बॅटरीजवळ कीबोर्ड कंट्रोलर असतो, ४० पायांची ८०४२ जातीची चिप. तिच्या सॉकेटमध्ये अल्कली शिरलेली असते. बोर्ड सुरू होऊन कीबोर्ड एरर देतो त्यामागे बहुतेक वेळा हे सॉकेट असतं. हिरवं झालं असेल तर बदलाच.

नवी निकेल-कॅडमियम बॅटरी लावू नका. बहुतेक ३८६ बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असते. तीन एए सेलचा होल्डर वायरीने कॅबिनेटच्या बाजूला, बोर्डापासून लांब बसवा. बाहेरच्या बॅटरीचा जंपर बदला आणि धन तारेत १एन४१४८ डायोड घाला, म्हणजे बोर्ड सेल चार्ज करायला जाणार नाही.

पॉवर सप्लाय स्वतंत्र तपासा. मागचा स्विच २३०वर आहे ना ते पाहा. उघडणार असाल तर प्लग काढून मोठ्या कपॅसिटरवरचा व्होल्टेज मोजा, तिथे ३००च्या वर राहू शकतो. मेनच्या बाजूला पिवळट पारदर्शक कवचाचा, चिरा पडलेला एक्स२ कपॅसिटर (मेनवरचा फिल्टरचा) दिसला तर काढाच: आतल्या कागदात चिरेतून ओल जाते आणि काही मिनिटांत धूर निघतो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा २७५ व्होल्ट एसीचा पॉलिप्रॉपिलीन एक्स२ बसवा. मग १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घेऊन वीज द्या. बल्ब क्षणभर लागून मंद झाला तर ठीक, झगझगीत राहिला तर आत शॉर्ट आहे. लोड नसताना हे सप्लाय सुरू होत नाहीत, म्हणून लाल-काळ्या वायरींमध्ये ५ ओहम १० वॅटचा रेझिस्टर लावा. लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५, पिवळीवर ११.४ ते १२.६ यायला हवेत. बोर्डाला सप्लायचे पी८ आणि पी९ हे दोन प्लग लावताना चारही काळ्या वायरी मधोमध शेजारी आल्या पाहिजेत. उलटे लावलेत तर बोर्ड गेला.

एक इथलं खास. जांभ्याच्या कातळावर एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा सुकतो. थ्री-पिन प्लग आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नव्हे. अर्थ नसेल तर सप्लायच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरांमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट येतात, हाताला मुंग्या येतात त्या त्याच. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत आणि फेज ते अर्थ २३०च्या आसपास हवा. खड्ड्यात पाणी ओता, मग मोजा.

इस्कीप्रेमी

सगळे बोर्डाबद्दल बोलतायत, पण तुमच्याकडची सर्वांत मोलाची वस्तू ती ४० एमबीची डिस्क असू शकते. डॉसच्या काळात देवनागरी दाखवणारं हे कार्ड, मूळ काम आयआयटी कानपूरचं, पुढे पुण्याच्या सी-डॅकचं. त्याचं सॉफ्टवेअर नसेल तर कार्ड नुसतं शोभेचं, आणि ते सॉफ्टवेअर बहुधा त्याच डिस्कवर असणार. ऑटोएक्झेक फाइलमध्ये सुरुवातीला काय लोड होतं ते बघा. मॉनिटरची केबल कुठल्या कार्डाला होती त्याचा फोटो काढल्याशिवाय ती सोडू नका.

डिस्क त्या जुन्या सप्लायवर फिरवू नका. यूएसबी-आयडीई अडॅप्टरवर इतक्या जुन्या डिस्क बहुतेक वेळा दिसतच नाहीत, कारण अडॅप्टरला एलबीए (सेक्टरांना सलग क्रमांक देणारी पद्धत) लागतं आणि या डिस्क सिलिंडर-हेड-सेक्टरवरच चालतात. मदरबोर्डवरच आयडीई असलेला २००० सालच्या आसपासचा डेस्कटॉप घ्या, लिनक्स सुरू करा आणि डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरूनही वाचणारा प्रोग्राम) पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, काढा. मगच बाकी सगळं. ३८६मध्ये परत लावताना बायोसमधली माहिती बॅटरीबरोबर गेलेली असते. टाइप ४७ (आकडे स्वतः भरायचा पर्याय) निवडून तीच जुनी भूमिती, म्हणजे सिलिंडर-हेड-सेक्टरचे आकडे, भरा. चुकीचे आकडे भरून त्यावर काही लिहिलंत तर फायलींची वाट लागते.

फायली बहुधा इस्कीमध्ये असतील: आठ बिटांचा संकेत, खालच्या अर्ध्या भागात आस्की, वरच्यात भारतीय लिप्या. १९९१ साली तो आयएस १३१९४ म्हणून मानक झाला. आयसीयू या युनिकोड लायब्ररीसोबत येणारं यूकॉन्व्ह तो थेट युनिकोडमध्ये बदलतं. श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये नंतर केलेल्या फायली मात्र यात बसत नाहीत, त्यांना वेगळा कन्व्हर्टर लागतो.

बुरशी आलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक फ्लॉपीवर चरा पाडते.

किमतीचं म्हणाल तर न तपासलेलं मशीन म्हणूनच बोला, पण वजनाचा भाव सांगू नका. सोनं काढणारे चिपांसाठी वजनावर घेतात, त्यांच्यापेक्षा वर जा आणि कीबोर्ड, मॅन्युअल, फ्लॉपीचे डबे सगळं एकत्र मागा. पुढे कधी विकायचं झालं तर कार्ड आणि डिस्क वेगळी करू नका. गिऱ्हाइकांच्या पत्रिका, बिलं त्यात असतील. ती प्रत स्वतःकडे ठेवायला मालकांची परवानगी आत्ताच घ्या.

खाडीकाठ_देवगड

खूप आभार सगळ्यांचे. आधी डिस्कची इमेज, मग बोर्ड. शेवटचं एक: जून ते सप्टेंबर ठेवू कुठे? घर समुद्रापासून जवळ आहे.

कातळावरचा

मशीन न वापरता ठेवणार असाल तर रबरी कडेचं, घट्ट झाकणाचं प्लॅस्टिक पिंप किंवा खोका. ५० लिटरला पाव ते अर्धा किलो सिलिका जेल, नारिंगी जातीचं, कापडी पिशवीत. आत शंभर-दोनशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक टाका आणि ४० टक्क्यांच्या आसपास राहू द्या. ५०च्या वर गेलं की जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून परत घाला. कपाटात टांगायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या आत नकोत, त्यात पाणी साचतं आणि ते सांडलं तर पुन्हा क्लोराइडच. मॉनिटर खोक्यात मावणार नाही. तो आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा. ट्यूबच्या रबरी टोपीपाशी सुरसुर ऐकू आली तर लगेच बंद करा, ओलीमुळे उच्च दाब गळतोय. ती टोपी पुसायची तर आधी ट्यूब डिस्चार्ज करावी लागते. ते काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडून करून घ्या.

सोल्डरधूर

आणि वळवाचा गडगडाट सुरू झाला की स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढा.